आधी चावी कोणाकडे ते ठरवा, काय बांधायचं ते नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वीसेक हजार वस्तीचं छोटं शहर आहे, तरुण पोरापोरींना संध्याकाळी करायला काही नाही, साधारण ४० बाय ५० मीटरची मोकळी जागा हाताशी आहे, निधी एकदाच मिळणार आहे, आणि कमिटीत तीन गट पडलेत. एकाला स्विमिंग पूल पाहिजे, दुसऱ्याला इनडोअर हॉल, तिसऱ्याला जिम. आणि सगळ्यांच्याच मनात धाकधूक की एवढं करून पोरं मोबाईल सोडून येतील का. मी बावीस वर्षं हेच काम करतेय, छोट्या शहरांतच जास्त, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, घाई नसेल तेव्हा वाचा.

एक प्रसंग आधी सांगते कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. एका छोट्या शहरात हॉल बांधला होता, दोन बॅडमिंटन कोर्ट, लाकडी फ्लोअरिंग, चेंजिंग रूम, सगळं झकास. उद्घाटनानंतर आठ महिन्यांनी मी गेले, संध्याकाळी साडेसहाची वेळ. हॉलच्या पायऱ्यांवर अकरा पोरं बसलेली (मी मोजली, सवय आहे), त्यातली चार जण हवा गेलेला बॉल हॉलच्याच भिंतीवर मारत होती. आत अंधार. चावी ज्यांच्याकडे ते साडेपाचला घरी जातात. मी एकाला विचारलं आत कधी खेळलास का रे, तर म्हणाला आत एकदाच गेलोय, उद्घाटनाला, खुर्च्या लावायला. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी मिळवून आत गेले तर त्या लाकडी फ्लोअरवर बॅडमिंटनच्या बुटांची खूण नव्हती, खुर्च्या ओढल्याचे चरे होते नुसते. रजिस्टर काढून बघितलं, मीटिंग, परीक्षा, बक्षीस समारंभ, परत मीटिंग. म्हणजे बांधकाम शंभर टक्के पूर्ण आणि सुविधा शून्य.

तेव्हापासून मी कुठल्याही कमिटीत बसले की नकाशा उघडायच्या आधी विचारते, संध्याकाळी पाच ते रात्री नऊ चावी कोणाकडे असणार, रविवारी कोणाकडे, तो माणूस आजारी पडला तर कोणाकडे. याचं उत्तर नावासकट मिळत नाही तोवर पूल की हॉल की जिम ही चर्चा मी करतच नाही, कारण ती चर्चा करण्यात लोकांना फार मजा येते आणि खरं घोडं अडतं ते इथे.

आणि चावी म्हणजे नुसता वॉचमन नाही बरं का. वॉचमन दार उघडतो आणि बंद करतो, आपल्याला पाहिजे असा माणूस ज्याला पोरांची नावं माहीत आहेत. स्वीडनमध्ये १४ वर्षांच्या ७०३ मुलांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की जी मुलं शिकवणारं कोणीतरी आहे, ठरलेल्या वेळा आहेत, काहीतरी शिकून पुढे जायचंय अशा ठिकाणी जात होती त्यांच्यात वाह्यात वागणं कमी, आणि जी नुसत्या मोकळ्या सोडलेल्या युथ सेंटरला जात होती, जिथे या बसा आणि काय पाहिजे ते करा, त्यांच्यात ते जास्त. आता यात आधीच वाट चुकलेली पोरं अशा सेंटरला जास्त जात असणार हा भाग आहेच, त्यामुळे सेंटरमुळेच बिघडली असं मी म्हणणार नाही, पण खोली दिली, टीव्ही लावला, कॅरम ठेवला आणि काम झालं असं धरून चालू नये एवढं त्यातून नक्की कळतं. आणि याच्या उलट बाजूही बघा. लंडनमध्ये २०१० ते २०१९ मध्ये खर्चकपातीत साधारण ३० टक्के युथ क्लब बंद पडले, त्याचा हिशोब २०२४ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या सरकारी खर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मांडला. ज्यांच्या घराजवळचा क्लब बंद झाला त्या १० ते १७ वयाच्या पोरांचं गुन्ह्यात सापडायचं प्रमाण १४ टक्क्यांनी वाढलं, परीक्षेतले मार्क पण घसरले, आणि वाचवलेल्या पैशाच्या जवळपास तिप्पट नुकसान समाजाला सोसावं लागलं. ते क्लब काही महाल नव्हते. साध्या खोल्या, पण आत रोज तोच माणूस असायचा.

आइसलँडचं उदाहरण बहुतेक तुमच्या कानावर आलंच असेल. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के पोरांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सर्व्हेत सांगितलं होतं, २०१६ मध्ये तो आकडा ५ टक्क्यांवर आला, रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ वर. लोक हे ऐकतात आणि म्हणतात बघा, त्यांनी मैदानं आणि हॉल बांधले. बांधले, खरंय, पण ते एकच काम नव्हतं. प्रशिक्षण घेतलेले, पगार असलेले कोच, प्रत्येक पोरामागे छंदवर्गांच्या फीसाठी मदत, आईबापांचे एकमेकांशी करार, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याचा कायदा, विक्रीवर वयाची बंदी, आणि दर वर्षी शाळांमधून सर्व्हे करून त्या त्या गावाला स्वतःचे आकडे परत. या सगळ्याची मोळी बांधली तेव्हा ते झालं, त्यातली एक काडी उचलून आणली तर तोच निकाल येईल अशी अपेक्षा नको. मला त्यातलं सगळ्यात उचलण्यासारखं वाटतं ते दर वर्षी मोजणं, कारण त्याला बांधकाम लागत नाही.

तर तुम्ही पण मोजण्यापासून सुरू करा. एक आठवडा, दोन स्वयंसेवक, एक वही. शहरात सध्या पोरं कुठे जमतात ते पाच-सहा स्पॉट काढा, पायऱ्या, पुलाचा कठडा, बंद दुकानांचे कट्टे, शाळेची मागची भिंत, आणि चार, सहा, आठ आणि दहा वाजता तिथे जाऊन नुसतं लिहा, मुलगे किती, मुली किती, अंदाजे वय, काय करतायत, कधी उठून गेले. फोटो काढू नका, प्रश्न विचारू नका, पोरं लगेच बिथरतात. आठवड्याच्या शेवटी तुमच्याकडे असा कागद असेल की कमिटीतली निम्मी भांडणं आपोआप मिटतील. एका ठिकाणी आम्हाला असं दिसलं की सगळे जिथे व्हॉलीबॉल कोर्ट मागत होते तिथे संध्याकाळी पोरं जमायची ती फुकटच्या वायफायजवळ आणि उजेडाखाली, आणि मोबाईलवर एकत्र गेम खेळायची, म्हणजे एकत्र बसायची भूक होतीच, बसायला जागा नव्हती म्हणून भिंतीला टेकून उभी. मोबाईल सोडून येतील का हा जो तुमचा प्रश्न आहे त्याचं माझं उत्तर हे आहे, मोबाईल घेऊन येऊ देत. चार्जिंग पॉईंट ठेवा, बाक ठेवा, मोबाईल खिशात जातो तो आपोआप, शेजारी काहीतरी चालू दिसलं की.

मोजून झालं की बोलायला बसा, पण "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारू नका. हा प्रश्न विचारला की दर वेळी उत्तर येतं स्विमिंग पूल, कारण माणूस आधी जे बघितलंय तेच मागतो. त्यापेक्षा विचारा की काल संध्याकाळी सहा ते नऊ काय केलंस, कुठे गेलास, कोणाबरोबर, घरी कधी आणि का परतलास, कुठे जायला आवडलं असतं पण गेला नाहीस आणि काय आडवं आलं. पोरींकडून या शेवटच्या प्रश्नाची जी उत्तरं येतात ती ऐकून नकाशेच बदलावे लागतात. आणि बोलावलंत तर खरंच काहीतरी ठरवू द्या. रॉजर हार्ट या संशोधकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी बसवणं आणि नावापुरतं विचारणं, यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. आपल्या बहुतेक कमिट्या तिथेच घुटमळतात, दोन हुशार पोरं आणतात, भाषण करायला लावतात, टाळ्या वाजवतात. मी काय करते, एकूण निधीतला एक लहान हिस्सा, दहावा भाग म्हणा, बाजूला काढते आणि १४ ते २१ वयाच्या दहा-बारा जणांच्या गटाला देते, त्यात निम्म्या मुली, आणि काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, कोटेशन तुम्ही आणा, हिशोब तुम्ही ठेवा, सही आम्ही करू. एकदा अशा गटाने भलीमोठी यादी करून शेवटी घेतलं काय तर एक चांगला स्पीकर, एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणि झाकण असलेली मोठी पेटी कुलुपासकट. मोठ्यांनी नाकं मुरडली. त्या स्पीकरवर पुढची तीन वर्षं डान्स प्रॅक्टिस चालली, आणि पेटीची चावी आलटून पालटून कोणाकडे राहणार त्याचा तक्ता पोरांनी स्वतः भिंतीवर लावलेला, मी बघून आलेय.

आता पोरींचं. हा भाग मी कधीच घाईत सोडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. २०१९ मध्ये १४६ देशांचा अभ्यास आला, ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नाहीत, मुलग्यांत ७८ टक्के, मुलींत ८५. म्हणजे पोरगे पण मागेच आहेत पण पोरी अजून मागे. आणि आपण नवी सुविधा म्हणून एक मोठं कुंपण घातलेलं, एकच दार असलेलं मैदान बांधतो ज्यात सोळा-अठराचे मुलगे पहिल्या दिवशी ताबा घेतात. व्हिएन्नामध्ये नव्वदच्या दशकात पाहणी केली तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांमध्ये यायच्या बंद होतात, मुलगे येत राहतात. मग त्यांनी १९९९ पासून आइन्सीडलर पार्क आणि ब्रुनो क्रायस्की पार्क या दोन बागा नव्याने केल्या, मोठी मोकळी जागा तुकड्यांत वाटली, आत यायला जास्त वाटा केल्या, पायवाटा सुधारल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत यायला लागल्या. यात मुलींसाठी गुलाबी रंग वगैरे काही नाही. एकाच टोळीला सगळी जागा अडवता येऊ नये, आणि आत शिरताना वा निघताना कोणाच्या तरी समोरून जावंच लागेल अशी एकच वाट असू नये, एवढंच आहे ते.

मी स्वतः बघितलेलं सांगते. एका कोर्टच्या कडेला बाक होते, सगळे कोर्टकडे तोंड करून. पोरी बसायच्या, दहा मिनिटात उठायच्या. आम्ही दोन बाक हलवून समोरासमोर लावले, मधे चार पावलांचं अंतर, वर एक दिवा. खर्च काहीच नाही, चार पोरांनी उचलून ठेवले. पुढच्या महिन्यात त्या बाकांवर रोज पाच-सात पोरी, आणि मग त्यातल्या तिघी कोपऱ्यातल्या टेबल टेनिसला लागल्या. बाक कोर्टकडे तोंड करून असला की तुम्ही प्रेक्षक, समोरासमोर असला की ती तुमची जागा. बाकी टॉयलेट स्वच्छ आणि आतून कडी लागणारं पाहिजे, उजेड फक्त कोर्टवर नाही तर तिथून मेन रोडपर्यंतच्या वाटेवर पाहिजे, आणि आठवड्यातले दोन तरी तास फक्त मुलींचे, ते पण सोयीच्या वेळेला, दुपारी तीन वाजता उन्हात नाही. चालवणाऱ्यांत एक तरी बाई असावी. पाळीच्या दिवसांची सोय, कचऱ्याचा झाकणाचा डबा, हे मीटिंगमध्ये बोलायला लोक लाजतात म्हणून राहून जातं आणि मग मुली महिन्यातले पाच दिवस येत नाहीत, आणि एकदा पाच दिवस तुटले की सवयच तुटते.

आता जागेवर येऊ. ४० बाय ५० मीटर म्हणजे वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. स्विमिंग पूल काढून टाका डोक्यातून, पाणी रोज तपासायचं, क्लोरीन, पंप, जीवरक्षक, आणि एक माणूस कमी पडला की त्या दिवशी पूल बंदच ठेवावा लागतो, ठेवलाच पाहिजे. छोट्या शहराला तो रोजचा खर्च झेपत नाही आणि कोरडा पडलेला पूल बुजवायला परत पैसे. पूर्ण हॉलचं म्हणाल तर बॅडमिंटन कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर, हे सगळे धरतात, पण उंची विसरतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना १२ मीटर मोकळी उंची मागतात, हौशी खेळाला त्याहून कमी चालते, पण साध्या बिल्डिंगच्या छताखाली शटल वर आदळतच राहतं. मग उंच हॉल, मग मोठं स्ट्रक्चर, आणि निधी तिथेच संपला.

मी तुमच्या जागी असते तर मधे दोन छोटी बास्केटबॉल हाफ कोर्ट केली असती, पाठीला पाठ लावून. थ्री बाय थ्री, म्हणजे तीन-तीन जणांच्या बास्केटबॉलचं कोर्ट १५ मीटर रुंद, ११ मीटर लांब, रिंग ३.०५ मीटरवर. सहा पोरांत मॅच होते, दहा मिनिटांत संपते, हरलेली टीम बाहेर, पुढची आत, म्हणजे एका संध्याकाळी तीस-चाळीस जणांना खेळायला मिळतं. पूर्ण कोर्टवर दहा जण तासभर खेळतात आणि बाकीचे बघत बसतात. कोणी म्हणालं की अर्धं कोर्ट कसलं, तर सांगा टोकियो ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिक खेळ आहे. शेजारी व्हॉलीबॉल, १८ बाय ९ मीटर आणि चारी बाजूंनी ३ मीटर मोकळे म्हणजे २४ बाय १५. नेटचे खांब उंची बदलता येणारे घ्या, पुरुषांना २.४३ मीटर, महिलांना २.२४, आणि खांबाला रंगाने खुणा करून ठेवा, नाहीतर नेट कायम वरच राहतं. याच खांबांवर नेट खाली आणून इतर खेळ पण होतात. ही दोन्ही शेजारी शेजारी साधारण ३४ मीटर रुंदीत बसतात, घट्ट बसतात पण बसतात, आणि एका टोकाला वीसेक मीटरचा पट्टा उरतो. त्या पट्ट्यात काँक्रीटचं टेबल टेनिस टेबल, दोन नाही जमलं तर एक, बाक, झाडं, पाण्याचा नळ, आणि एक खोली, ६ बाय १० मीटरची. कडेने चालायची पायवाट केली तर एक फेरी १७० मीटरच्या आसपास, सहा फेऱ्यांत किलोमीटर. ही वाट मोठ्या माणसांसाठी मुद्दाम ठेवायची. आया, आजोबा चालत असले की जागेवर नजर राहते, आणि ती नजर कोणी पहारा ठेवतंय अशी वाटत नाही.

कोर्टांची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी नेमक्या खेळायच्या वेळेला एका टीमच्या डोळ्यात ऊन. जागा आडवी असेल तर ठेकेदार हमखास सोयीची बाजू धरतो, तेव्हा लाईन मारायच्या आधी स्वतः जाऊन संध्याकाळी सूर्य कुठे आहे ते बघून या. पृष्ठभागाला साधारण एक टक्का उतार एकाच बाजूला, शंभर सेंटीमीटरला एक सेंटीमीटर, आणि उतार जिथे संपतो तिथे नाली. काम ताब्यात घ्यायच्या आधी चार टँकर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने बघा कुठे डबकं राहतंय, नाणं बुडेल एवढं पाणी कुठेही दिसलं तर सही करू नका. हे मी प्रत्येक ठिकाणी करते, एकदाच केलं नव्हतं आणि त्या कोर्टच्या मधोमध शेवाळाचा गोल अजून आहे.

लाईट हा माझ्या मते खरा पैसे टाकायचा भाग. दिवस मावळला की बिनलाईटचं मैदान बंद, आणि पोरं मोकळी होतात तीच वेळ असते. हौशी खेळाला ७५ ते १०० लक्स (उजेड मोजायचं माप) पुरतात, स्टेडियमसारखा झगझगाट नको, त्याने शेजाऱ्यांची झोप जाते आणि तक्रारी सुरू होतात. खांब कोर्टच्या लांब बाजूंना लावा, रिंगच्या किंवा नेटच्या मागे लावलेत तर वर बघितलं की डोळे दिपतात. टायमर लावा, नऊ वाजता निम्मे दिवे जातात, सव्वा नऊला बाकीचे. भांडण नाही, कोणाला हाकलावं लागत नाही, दिवा गेला की खेळ संपला हे पोरं दोन दिवसात स्वीकारतात. वाटेवरचे दिवे मात्र चालू राहिले पाहिजेत, सगळे घरी पोचेपर्यंत.

त्या खोलीबद्दल. सगळ्यांना खेळ आवडत नाही, आणि ज्यांना नाही आवडत ती पोरं अशा योजनांत कायम विसरली जातात, चित्र काढणारी, गाणारी, वाचणारी, यंत्रं उघडून बघणारी, किंवा नुसती शांत बसायला जागा शोधणारी, कारण घरात दोन खोल्यांत सहा माणसं. खोलीत एका भिंतीला पूर्ण आरसा लावा, नाचणाऱ्यांना तेवढं पुरतं. टेबलं घडीची घ्या. संगीताची प्रॅक्टिस होणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, त्याने फार तर आतला घुमारा कमी होतो. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, भरीव दार, आणि दाराच्या फटीला रबर. फटीतून सगळा आवाज जातो. आम्ही एकदा एवढं सगळं करून दाराखालची बोटभर फट तशीच ठेवली होती आणि समोरच्या घरातले काका पहिल्याच आठवड्यात भांडायला आले, रबराची पट्टी लावली आणि विषय संपला.

कमिटीतल्या जिमवाल्यांसाठी, खुल्या व्यायामाची मशीन लावायचीच असतील तर दोन पुल-अप बार वेगवेगळ्या उंचीचे आणि एक पॅरलल बार लावा, जमिनीत नीट गाडलेले. त्यात हलणारा भाग नाही म्हणून मोडत नाही, आणि पंधरा ते पंचवीसची पोरं खरोखर वापरतात तेच.

सगळं एकाच जागी पाहिजे असंही नाही. ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आइक या आर्किटेक्टने १९४७ पासून पुढच्या तीस वर्षांत सातशेहून जास्त छोटी खेळाची ठिकाणं केली, बरीचशी उरल्यासुरल्या जागांवर, कोपरे, पडीक प्लॉट, चौक. थोडी बांधीव सामग्री, साधे बार, वाळू, दगड. ती मुख्यत्वे लहान मुलांसाठी होती पण धडा आपल्याला लागू आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाची तेरा वर्षांची मुलगी अंधारात दोन किलोमीटर चालत तुमच्या झकास कोर्टवर येणार नाही. तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक रिंग आणि एक दिवा असेल तर येईल. निधीतून थोडं वाचत असेल तर असे दोन-तीन कोपरे करा. आणि काही गोष्टींना तर काहीच बांधावं लागत नाही. पार्करन नावाचा उपक्रम २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांवर सुरू झाला, दर शनिवारी सकाळी, तीच वेळ, पाच किलोमीटर, फुकट, सगळे स्वयंसेवक, आणि तिथून तो कित्येक देशांत पसरला. त्यात चाललं काय तर ठरलेली वेळ न चुकता पाळणं. तुमचं बांधकाम सुरू व्हायला सहा महिने असतील ना, तेवढ्यात असं काहीतरी एक सुरू करा, दर शनिवारी, तीन जण आले तरी रद्द करायचं नाही. यातूनच तुम्हाला तो चावीवाला माणूस सापडतो, जाहिरात देऊन नाही सापडत.

पैशाचं सरळ सांगते. तीन वर्षांचा चालवायचा खर्च, म्हणजे माणसाचं मानधन, लाईटबिल, सफाई, नेट, बॉल, दुरुस्ती, हा आधी कागदावर काढा, तो बाजूला ठेवा किंवा लेखी कोणाकडून घ्या, आणि उरलेल्यात जे बसेल ते बांधा. एकाऐवजी अर्धंच कोर्ट बसलं तर अर्धं बांधा. निधीच्या अटीत फक्त बांधकामालाच पैसे असं असेल, बहुतेक ठिकाणी असतं, तर मानधनाची सोय लावल्याशिवाय टेंडर काढू नका, इथे थोडा हट्ट करावा लागतो आणि वाईटपणा येतो, तो घ्या. नव्याचे नऊ दिवस सगळेच मदत करतात, दहाव्या महिन्यात नेट फाटतं तेव्हा कोणाकडे जायचं हे ठरलेलं पाहिजे. मोडलेली वस्तू ४८ तासांत दुरुस्त करा किंवा निदान काढून टाका, हा माझा नियम आहे, कारण एक फुटका दिवा आठवडाभर तसाच राहिला की दुसरा फुटतो. फी ठेवू नका. ठेवावीच लागली तर बॉल घेताना चप्पल जमा, परत देताना चप्पल परत, एवढीच.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण पक्कं. अठराखालची मुलं असतील तिथे एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नको, कायम दोघे, खोलीच्या दाराला काच. प्रत्येकाच्या घरचा नंबर वहीत, प्रथमोपचाराची पेटी भरलेली, तक्रार करायला चालवणाऱ्या माणसाव्यतिरिक्त दुसरं एक नाव आणि नंबर भिंतीवर. ज्याला कामावर घ्याल त्याची आधीच्या ठिकाणी जाऊन चौकशी करा, फोनवर नाही, जाऊन.

शेजारी तक्रार करतीलच, त्यांच्याकडे बांधकामाच्या आधी जा, नंतर नको. बॉलचा आवाज, शिव्या, बाईक, ही तिन्ही कारणं खरी असतात, त्यांना खोटं पाडू नका. बाईक लावायची जागा घरांपासून लांबच्या कोपऱ्यात, घरांच्या बाजूला टेबल टेनिस आणि बाक, रिंग विरुद्ध बाजूला, आणि लाईट बंद व्हायची वेळ त्यांच्याबरोबर बसून ठरवा. मी तर पोरांच्या गटातल्या दोघांना घेऊन घरोघर जाते, एकदा पोरांनी समोर बसून नऊ म्हणजे नऊ असं कबूल केलं की शेजारी पण पोलिसांना फोन करायच्या आधी त्या पोराला हाक मारतात.

सुरू झाल्यावर तीच पहिल्या आठवड्याची वही परत काढा. सहा महिन्यांनी एक आठवडा, त्याच वेळा, तेच रकाने, या वेळी जुने स्पॉट पण आणि नवी जागा पण. एकूण किती आले यापेक्षा तीन गोष्टी बघा, मुलींचा आकडा संध्याकाळी सातनंतर किती उरतो, पंधराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर खेळतायत की कडेला उभी आहेत, आणि जुन्या पायऱ्यांवर अजून कोण बसलंय. ती जी अजून तिथेच बसलेली दिसतील त्यांच्याकडे जाऊन विचारा इकडे का येत नाही, आणि ते जे सांगतील ते पुढच्या मीटिंगच्या पहिल्या ओळीत लिहा.